शनिवारसाठी भरलेली बॅटरी

गेली सव्वीस वर्षं मी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. वीज हा माझा आवडता धडा. एकसर जोडणी, समांतर जोडणी, फ्यूज का वितळतो, अर्थिंग कशासाठी, सगळं मी झोपेतसुद्धा फळ्यावर काढून दाखवीन. आणि तरीही, डोक्यावर आठ सोलर पॅनल आणि जिन्याखालच्या भिंतीवर छोट्या कपाटाएवढी बॅटरी असताना आमच्या घरातली वीज दर शनिवारी भर उन्हात का जाते, हे मला दोन महिने सांगता आलं नाही. पंखे थांबायचे, फ्रीज गप्प व्हायचा आणि नानांचं मशीन लांब शिट्टी मारायचं. ती शिट्टी ऐकली की आई हातातलं काम टाकून धावायची.

नाना म्हणजे माझे वडील. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं ओतकामाच्या धुळीत काढली आणि ती धूळ त्यांच्या फुप्फुसात जाऊन बसली. दोन वर्षं झाली, दिवसातले सोळा-सतरा तास त्यांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. चाकांवरचं, साधारण वॉशिंग मशीनच्या निम्म्या उंचीचं ते यंत्र हवेतला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. ते चालतं विजेवर. वीज गेली की नाना वीस-पंचवीस मिनिटं ठीक असतात, मग ओठांचा रंग बदलायला लागतो. आईला ही वेळ घड्याळ न बघता कळते.

सोलरचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते गेल्या मे महिन्यातल्या एका दुपारमुळे. आमच्या भागातली डीपी जळाली आणि चार तास लाईट नव्हती. आमच्याकडे तेव्हा साधा घरगुती इन्व्हर्टर होता. त्यानं तासाभरात मान टाकली. नानांना शेजाऱ्यांच्या गाडीत घालून आम्ही दवाखान्यात नेलं आणि तिथे ते तीन दिवस राहिले. बॅटरी जुनी झाली होती, असं आईनं शेजाऱ्यांना सांगितलं आणि मग आम्ही सगळ्यांना तेच सांगत राहिलो.

त्या दिवसापासून आईनं घर सोडलं नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जायची आणि परत यायची, तेही अर्ध्या वाटेत दोनदा मागे वळून बघत. तिची सख्खी बहीण सायखेड्याला राहते, इथून तासाभराच्या वाटेवर. मावशी फोनवर रुसायची, आई म्हणायची येते येते, आणि जायची नाही. मी एकदा म्हणाले, मी आहे ना घरी. त्यावर ती उठून भांडी घासायला लागली.

म्हणून मी सोलर घेतलं. कंपनीचा विक्रीवाला इस्त्रीच्या शर्टात आला आणि त्यानं नानांच्या पलंगाशेजारी बसून सगळं समजावलं. प्रत्येक पॅनलच्या पोटाखाली त्याचा त्याचा छोटा इन्व्हर्टर असतो, मायक्रोइन्व्हर्टर म्हणतात त्याला, म्हणजे शेजाऱ्यांच्या नारळाची सावली एका पॅनलवर पडली तरी बाकीचे सात आपलं काम करत राहतात. लाईट गेली तर बॅटरी घराचा ताबा घेते, पापणी लवायच्या आत. आईनं एकच विचारलं, मशीन थांबणार नाही ना. तो हसून म्हणाला, मावशी, ॲपमध्ये शंभरचा आकडा दिसला की निर्धास्त राहायचं. हे वाक्य मी तेव्हाच विसरले. आई विसरली नाही.

संक्रांतीच्या आसपास सगळं बसलं. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की बॅटरी रोज ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी, म्हणजे जास्त वर्षं टिकते. वादळवाऱ्याचा अंदाज असेल तर शंभर करावी. ॲपमध्ये त्यासाठी एक पट्टी असते, बोटानं पुढेमागे सरकवायची. मी आईच्या फोनवर ॲप घालून दिलं आणि ती पट्टी कशी सरकवायची ते तिला शिकवलं. आपली आई या वयात ॲप चालवते, याचा मला अभिमान वाटला आणि तो मी शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस मिरवला.

आमच्याकडे शनिवार हा सगळं बंद असण्याचा वार. देखभाल-दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी साडेदहाच्या सुमारास लाईट जाते ती दोन-अडीचला येते, आणि बरेचदा पाणीही त्याच दिवशी नसतं. फेब्रुवारीतल्या पहिल्या शनिवारी माझ्या शाळेला सुट्टी होती. साडेदहाला लाईट गेली. पंख्याची पाती किंचित दचकली आणि फिरत राहिली. मी आईकडे बघून विजयी हसले. तेवढ्यात जिन्याखालून खट् असा आवाज आला आणि घर बंद पडलं. मशीननं शिट्टी मारली. मी जिन्याकडे धावले, आई नानांकडे. दीड-दोन मिनिटांत बॅटरीनं आपणहून पुन्हा मान वर काढली, पंखे फिरले, मशीन चालू झालं. पाच मिनिटं झाली असतील. पुन्हा खट्.

असं नऊ वेळा झालं. दहाव्या खेपेला आईनं माझ्याकडे न बघता पलंगाखालचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर ओढला, चावीनं उघडला आणि नळी त्याला जोडली. दोन वाजता लाईट आली आणि सगळं सुरळीत झालं. ॲपवर एक हिरवं पान आलं आणि आज मी पर्यावरणासाठी काय काय केलं याबद्दल माझं अभिनंदन झालं. मला तो फोन जिन्यावरून खाली फेकावासा वाटला.

त्यानंतर सुरू झाले फोन. कंपनीच्या मदतकेंद्रातल्या बाई आधी दोन मिनिटं संगीत ऐकवायच्या आणि मग वाय-फायचा डबा बंद करून चालू करायला सांगायच्या. मी म्हणायचे, बाई, वाय-फायला ऑक्सिजन लागत नाही. त्या म्हणायच्या, मॅम, एकदा करून बघा ना. मी करून बघायचे. मग तक्रारीचा नंबर मिळायचा आणि बुधवारी माणूस यायचा.

हा माणूस मूळचा चांदवडकडचा, पस्तिशीतला, कमी बोलणारा. आई त्याला चांदवडवाला म्हणायची. तो बूट बाहेर काढायचा, आधी नानांना नमस्कार करायचा, मग मेन स्विच बंद करायचा. पंख्याची पाती दचकायची आणि फिरत राहायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काही म्हणजे काही व्हायचं नाही. तो माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, चालतंय की मॅडम. मी सही करायचे. शनिवारी पुन्हा खट्.

तीन बुधवार असे गेले. दरम्यान मदतकेंद्रानं एकामागून एक आरोपी उभे केले. आधी अर्थिंग. मग जुन्या इन्व्हर्टरच्या उरलेल्या वायरी, ज्या मी स्वतः उभी राहून काढून घेतल्या होत्या. मग गल्लीच्या टोकाला चालणारं वेल्डिंगचं काम. मग नारळ. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. एका बाईंनी तर नानांच्या मशीनवरच संशय घेतला, ते मशीन काही दिवस बंद ठेवून बघता येईल का म्हणाल्या. मी त्यांना जे बोलले ते माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकायला नको होतं. आणि एकदा कुणीतरी विचारलं, घरात दुसरं कोणी ॲप वापरतं का, सेटिंग बदलतं का. मी ठामपणे नाही म्हणाले. आमच्या घरात दोन म्हातारी माणसं आहेत, म्हटलं, आणि एक विज्ञानाची शिक्षिका.

माझी शनिवारची शाळा सकाळची, साडेअकराला सुटते. म्हणजे पहिला तासभर आई घरात एकटी. मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारी मी घरी पोचले तेव्हा ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली होती, सिलिंडरची चावी दोन्ही हातांत धरून, आणि चावी फिरत नव्हती. नाना उठून बसले होते, खांदे वर-खाली होत होते. मी चावी हातात घेतली, पदरानं धरून जोर लावला, फिरली. नानांना बरं वाटल्यावर ते म्हणाले, मी आहे अजून, जेवायला वाढा. आई हसली नाही. तिच्या तळहातावर चावीचा वळ उठला होता.

त्या दिवशी मी वही काढली. वर्गात सांगते ना, निरीक्षण, नोंद, निष्कर्ष. लाईट किती वाजता गेली, ऊन किती, घरात काय काय चालू होतं, सगळं लिहीत गेले. पुढच्या शनिवारी अवकाळीचं आभाळ होतं आणि त्या दिवशी बॅटरीनं साडेतीन तास निमूट घर चालवलं. त्याच्या पुढच्या शनिवारी लख्ख ऊन, आणि पुन्हा खट्. तेव्हा मी गच्चीवर जाऊन पॅनलचा स्विच पाडला. सूर्याशी संबंध तोडल्याबरोबर बॅटरी शहाण्यासारखी चालायला लागली. म्हणजे आम्हाला वीज हवी असेल तर आधी सोलर बंद करायचं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग वर पापड तरी वाळत घातले असते. तिचे गुडघे असे की गच्चीचा जिना ती दिवाळीला एकदा चढते. मी शाळेत असताना तो स्विच कोण पाडणार होतं?

तरी धागा हाती लागला होता. मी चांदवडवाल्याला वही दाखवली. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली, जे मदतकेंद्रात कुणी केलं नव्हतं. मग त्यानं गच्चीच्या कठड्याला टेकून मला समजावलं. लाईट असते तेव्हा जास्तीची वीज बाहेर तारांत निघून जाते. लाईट गेली की बाहेरची वाट बंद. आता वर बनणारी वीज एक तर घरानं खायची, नाही तर बॅटरीनं प्यायची. बॅटरीचं पोट भरत आलं की ती पॅनलना इशारा देते, हळू व्हा. हा इशारा म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी जराशी वाढवायची. आमच्या मायक्रोइन्व्हर्टरना तो इशारा ओळखायचं सेटिंगच केलेलं नव्हतं. ते बहिऱ्यासारखे वीज ढकलत राहायचे, आणि शेवटी बॅटरी जीव वाचवायला स्वतःलाच बंद करून घ्यायची. मग पॅनल नियमाप्रमाणे पाच मिनिटं थांबायचे आणि पुन्हा सुरू. पाच मिनिटांचं कोडं एकदाचं सुटलं.

त्यानं वरिष्ठांच्या मागे लागून आठवड्याभरात ते सेटिंग बदलून आणलं. बुधवारी बारा वाजता, डोक्यावर ऊन असताना, त्यानं मेन स्विच पाडला. तासभर आम्ही जिन्याखाली बसून होतो. बॅटरी ऐंशीच्या वर हळूहळू चढली, वर पॅनल आपणहून मंदावले, मशीन चालू राहिलं. जाताना तो मला म्हणाला, "मॅडम, ऐंशीची पट्टी हाय तशीच ऱ्हाऊ द्या. लाईट जाती त्या टायमाला पॅनल दणकून चालू असत्यात. त्यांना हळू व्हायला दोन-चार सेकंद लागत्यात, तेवढी वीज बॅटरीला पोटात घ्यावी लागती. पोटात जागा नसली तर पुन्हा तेच."

मी मान डोलावली. हे आईला सांगावं असं माझ्या मनातही आलं नाही. फ्रिक्वेन्सी-बिक्वेन्सी तिला काय कळणार, असं मला वाटलं असणार. आत येऊन मी फक्त एवढंच म्हटलं, झालं काम.

एप्रिलचा पहिला शनिवार. साडेअकराला शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना आईचा फोन. तिनं फक्त फोन मशीनजवळ धरला. शिट्टी ऐकू आली.

रिक्षात बसल्या बसल्या मी चांदवडवाल्याला फोन लावला. माझा आवाज एवढा चढला होता की रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. दोन महिने मी ज्यांच्यावर चिडायला हवं होतं ते सगळे दूर कुठेतरी गारव्यात बसले होते, आणि हा एकटा माणूस फोन उचलत होता, म्हणून सगळं त्याच्यावर निघालं. तुमच्याच्यानं हे काम होत नसेल तर गावी जाऊन शेती करा, असं मी म्हणाले. हे मी म्हणाले, त्याची मला आजही लाज वाटते. मग त्यानं विचारलं, ऐंशीच हाय ना मॅडम? मी ओरडले, ऐंशीच आहे.

तो दीड वाजता आला. शनिवारी त्याची सुट्टी असते. उन्हाळी कांदा काढायला तो गावी गेला होता आणि शेतातूनच मोटरसायकलवर निघाला होता. नखांत माती होती, शर्टाला पातीचा वास येत होता. नाना सिलिंडरवर होते. त्यानं माझा फोन मागितला, ॲपच्या आत आत कुठेतरी गेला, जिथे मी कधी गेले नव्हते, आणि एक यादी उघडून माझ्यापुढे धरली. कोणत्या दिवशी कोणी कोणतं सेटिंग बदललं त्याची ती यादी होती. शुक्रवार संध्याकाळ, बॅटरी शंभर. शनिवार संध्याकाळ, बॅटरी ऐंशी. शुक्रवार संध्याकाळ, शंभर. शनिवार, ऐंशी. फेब्रुवारीपासून एकही आठवडा चुकला नव्हता. प्रत्येक ओळीच्या शेवटी ज्या फोनवरून बदल झाला त्याचं नाव होतं. ते नाव मीच जानेवारीत घातलं होतं: आई.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तो वळसा मी साऱ्या कंपनीला घालायला लावला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याखाली, मोरीशेजारी, दाराच्या मागे, सगळीकडे भरलेली भांडी. पितळी हंडा, दोन कळशा, स्टीलचे डबे, प्लास्टिकची बादली, नानांच्या औषधाची तांब्याची लोटी. शनिवारी पाणी नसतं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आई घरात असेल नसेल ते भांडं काठोकाठ भरते. मी जन्मल्यापासून हे बघतेय. आमच्याकडे डब्यातले तांदूळ संपले असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढले म्हणतात, आणि डबा घासायला घेतला तरी चार दाणे दुसऱ्या वाटीत काढून ठेवतात. तिनं हंडा भरला, कळशा भरल्या आणि मग चष्मा लावून बॅटरी भरली. शनिवारी संध्याकाळी उरलेलं पाणी तुळशीला घातलं आणि पट्टी ऐंशीवर आणली, कारण रोज शंभर ठेवली तर बॅटरी लवकर खराब होते, असं मीच तिला शिकवलं होतं. तिनं माझा धडा तंतोतंत पाठ केला होता. हे मला सांगण्यासारखं काही आहे असं तिला कशाला वाटेल? तू काल हंडा भरलास का, असं मी तिला कधी विचारलं आहे?

मी तिला विचारलं तेव्हा माझा आवाज शाळेतला होता. ती ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटत होती, चांदवडवाला जेवून जाईल म्हणून. तिनं लाटणं थांबवलं नाही. हो, मीच करते, म्हणाली. मग चांदवडवाल्यानं दारात उभं राहून तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, बॅटरीचं पोट, पॅनलचा दणका, दोन-चार सेकंदांची जागा. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे दूध तापवताना पातेलं काठोकाठ भरायचं नाही," ती म्हणाली, "एवढंच ना? हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी हात लावला नसता."

तो म्हणाला, तेवढंच मावशी. मला त्या दोघांचाही राग आला. दोन महिन्यांचे फोन, वही, सहा तक्रारींचे नंबर, फ्रिक्वेन्सी, आणि उत्तर दुधाचं पातेलं. मी म्हणाले, तुला एकदा तरी मला विचारावंसं वाटलं नाही? ऐंशी मी ठेवलंय तर काही कारणानं ठेवलं असेल, असं वाटलं नाही? मला काय नानांची काळजी नाही? मी बोलत सुटले. आई पोळी तव्यावर टाकून माझ्याकडे वळली.

"मला वाटलं तू यांच्यासाठी परत कमी ठेवतेयस," ती म्हणाली. "मे महिन्यातल्यासारखी."

मी म्हटलं, तेव्हा बॅटरी जुनी झाली होती.

"बॅटरी जुनी नव्हती. तुझ्या खोलीत कूलर चालू होता. शेजारी आत यायच्या आधी मी जाऊन बंद केला."

चांदवडवाला मागे सरकला आणि नानांच्या खोलीत जाऊन त्यांच्याशी काहीतरी बोलायला लागला. पोळी करपली. मी ती उलटली, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

मला माहीत होतं. मे महिन्यातली ती दुपार मला कधीच विसरता आलेली नाही. अंतर्गत गुणांचे तक्ते भरायचे होते, खोली भट्टीसारखी तापली होती, दार लावून मी कॉम्प्युटर आणि कूलर दोन्ही इन्व्हर्टरवर चालवत बसले होते, आणि लाईट येईलच एवढ्यात असं म्हणत होते. बॅटरी उतरायला लागली तेव्हाची मशीनची पहिली शिट्टी कूलरच्या आवाजात मला ऐकूही आली नव्हती. नंतर दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मला आठवलं की मी कूलर बंद केलाच नाही. घरी आले तर तो बंद होता. मी स्वतःला सांगितलं, बॅटरी संपली म्हणून बंद पडला असेल. पण बटणच बंद केलेलं होतं, आणि बटण आपोआप बंद होत नाही. हे मी जवळजवळ वर्षभर बघितलं नाही असं केलं. आईला माहीत नाही, असं मी धरून चालले होते. तिनं शेजाऱ्यांसमोर, डॉक्टरांसमोर, मावशीसमोर बॅटरीवर ढकललं आणि मग दर शुक्रवारी माझ्यावर विश्वास न ठेवता बॅटरी भरत राहिली. मला रडू आलं आणि मी ते पोळ्यांच्या धुरावर ढकललं. आईनं खिडकी उघडली.

चांदवडवाला जेवला. मी त्याला फोनवर जे बोलले त्याची माफी मागितली, नीट, शब्दांत. तो म्हणाला, "असू द्या मॅडम. तसंबी कांदा काढून कंबर मोडलीच व्हती. बसायला मिळालं तेवढंच."

सायखेड्याला मावशीच्या नातवाचं बारसं एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी होतं. आईनं जाते असं सांगितलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिनं हंडा भरला, कळशा भरल्या, डबे भरले, सगळे काठोकाठ. मग चष्मा लावून फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. ऐंशीचा आकडा तिनं मला दाखवला आणि फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं पुन्हा उचलून बघितला. तिला तो आकडा बघवत नव्हता, हे मला दिसत होतं. पण तिनं पट्टीला बोट लावलं नाही. सकाळी तिनं कपाटातली इरकल नेसली, नानांच्या उशाशी सिलिंडरची चावी ठेवली, येते म्हणाली आणि गेली. मी शाळेतून रजा घेतली होती.

अकराला दहा मिनिटं असताना लाईट गेली. पंख्याची पाती दचकली आणि फिरत राहिली. मी जिन्याखाली कान देऊन उभी होते. खट् झालं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. नानांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तेवढ्यात फोन वाजला. मागे बायकांचा गलका होता, कुणीतरी पाळणा म्हणत होतं.

गेली का लाईट, आईनं विचारलं. मी म्हटलं, गेली. मशीन? चालू आहे. माझा श्वास तिला ऐकू जात असणार.

"तू कुठे बसलीयस?"

मी सांगितलं, जिन्याखाली.

"तिथे उकडत असेल," ती म्हणाली. "कूलर लाव. वर ऊन आहे, तेवढी वीज खर्च झालेली बरी."

मी फोन ठेवला आणि माझ्या खोलीत गेले. गेल्या मे महिन्यापासून त्या कूलरला मी हात लावला नव्हता. त्याच्यावरची चादर काढली, हंड्यातलं पाणी त्यात ओतलं, तो ओढत नानांच्या खोलीत आणला आणि त्यांच्या पलंगाकडे तोंड करून चालू केला.